दुपटी वाळत नव्हती

ते मशीन मी एकदाच पाहिलं. त्याच्याविरुद्धचं पत्रक मात्र त्याच्या चार दिवस आधीच लिहून, स्टेन्सिल कापून, वाटून झालं होतं. हे आधीच सांगून टाकते. पुढे कुणी मला शहाणी समजायला नको.

आई धारवाडात, मळमड्डीतल्या एका खाजगी प्रसूतिगृहात धुणं करायची. आम्ही दोघी स्टेशनच्या पलीकडे, आमच्या लोकांच्या वस्तीत एका खोलीत राहायचो. वडील मी सहावीत असतानाच गेले होते. खोलीत एका भिंतीला बाबासाहेबांचा आणि बुद्धाचा फोटो, दुसऱ्या भिंतीला माझी पुस्तकं. आठवीपर्यंत मी शाळा सुटली की आईला मदत करायला प्रसूतिगृहाच्या मागच्या दारानं जायची. मग एके दिवशी वर्गातल्या एका मुलीला तिथं भाऊ झाला आणि तिनं मला रक्ताच्या चादरी बादलीत कोंबताना बघितलं. ती काही बोलली नाही. मीच जायचं बंद केलं. आईनं कारण विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. कॉलेजात गेल्यावर श्रमाची प्रतिष्ठा या विषयावर मी तीनदा भाषण केलं. त्या मागच्या दारात मात्र पाऊल ठेवलं नाही.

धारवाडचा पाऊस कोसळत नाही. जिटीजिटी लागून राहतो, आठ-आठ दिवस. भिंतीला हात लावला तर हात ओला होतो. असल्या हवेत रोजची चाळीस-पन्नास दुपटी, तेवढेच लंगोट आणि वरून चादरी वाळवायच्या म्हणजे काय, हे ज्यानं वाळवलंय त्यालाच ठाऊक. मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये दोऱ्या होत्या. खाली कोळशाची शेगडी, शेगडीवर बुरडाची मोठी टोपली उपडी, टोपलीवर दुपटी पसरायची. हे काम अक्काचं. अक्का म्हणजे तिथली जुनी आया, कानडी बोलणारी, आईपेक्षा पंधरा वर्षांनी मोठी. शेगडीजवळ बसून ती दिवसातून दहा वेळा आभाळाकडे बघायची आणि म्हणायची, "बिसिल इल्लव्वा." ऊन नाही गं बाई. जसं काही आईला दिसतच नव्हतं.

आणि गंमत बघा, सगळं गाव असं भिजलेलं असताना नळाला पाणी नसायचं. चौथ्या-पाचव्या दिवशी यायचं, ते हौदात नि गच्चीवरच्या टाकीत भरायचं आणि पुरवायचं. बाळंतिणीच्या खोलीला आधी, मग स्वयंपाकाला, उरलं तर धुण्याला. तिथं प्रत्येक नळाच्या वर डॉक्टरबाईंनी लाल रंगात कानडी आणि मराठीत लिहून घेतलं होतं: वापर झाला की नळ ताबडतोब बंद करावा. आईला वाचता येत नव्हतं, पण ती पाटी तिला तोंडपाठ होती. आमच्या घरी नळच नव्हता, सार्वजनिक नळावरून आणायचं. मी तोंड धुताना तांब्या जास्त कलंडला तरी ती म्हणायची, "वापर झाला की?" आणि पुढचं मी म्हणायचं.

मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला असताना ते मशीन आलं. डॉक्टरबाईंचे थोरले भाऊ इंग्लंडात होते. त्यांनी घरचं मशीन बदललं आणि जुनं बोटीनं बहिणीला पाठवलं. कपडे धुणार आणि त्याच पोटात वाळवणारही. मळमड्डीतले लोक ते बघायला येऊन गेले. त्या दिवशी नेमकं नळाला पाणी आलेलं होतं, टाकी भरून वाहत होती, म्हणून नळाला कुणी हात लावला नाही. बाईंनी भावाच्या पत्रात बघून कळ फिरवली. दोन अडीच तासांनी गोल काचेच्या दारातून दुपटी निघाली ती पापडासारखी. आई घरी आल्यावर हातवारे करून सांगत होती, "आत चुलीगत गरम, गं. शेगडी नको, कोळसा नको." तिला एवढी खुश मी क्वचित बघितली असेल.

खुशीचं कारण निराळं होतं. आई इतकी वर्षं तिथं रोजावर होती. बाईंनी त्या दिवशी सांगितलं, "आता धुण्याला दोघी नकोत. अक्का वॉर्डात जाईल. मशीन तुला जमलं तर श्रावण संपला की तुला कायम करते. नाही जमलं तर मला शिकलेली मुलगी बघावी लागेल."

कायम. आमच्या घरात या शब्दाला केवढा अर्थ होता ते मी कुठल्याही पत्रकात लिहू शकले नाही. कायम म्हणजे आजारी पडली तरी दुसऱ्या दिवशी जागा शिल्लक. बस, तेवढंच.

आईनं कळा शिकून घेतल्या. धुण्याच्या जागी गेरूचा एक ठिपका, वाळवण्याच्या जागी दोन. साबण इकडं, नीळ तिकडं. धुऊन झालं की अर्धे कपडे बाहेर काढायचे, कारण वाळवायला ते निम्मेच घेतं, हे बाईंनी सांगितलं होतं. तेही ती करायची. आणि धुणं संपल्याबरोबर, पाटीप्रमाणे, नळ बंद.

दुसऱ्याच दिवसापासून दुपटी वाळेनात.

दोन तास झाले, चार झाले, दुपार झाली. दार उघडलं की तोंडावर वाफ यायची आणि आत गरम ओला गोळा. "उकडलेल्या भाजीवानी," आई म्हणायची. ती परत दोन ठिपक्यांवर कळ न्यायची. मशीन घरघरत राहायचं. बाहेर काढून ठेवलेले निम्मे बादलीत तसेच. बाईंनी एकदा येऊन बघितलं, कळ आपल्या हातानं फिरवली, वाट बघितली, आणि म्हणाल्या, "माझ्यादेखत चाललं होतं की. तुझ्या हाताला का चालत नाही?"

"माझा हात जड आसंल, बाई," आई म्हणाली.

हे मला तिनं हसत सांगितलं. मी हसले नाही. मी वहीत लिहून ठेवलं.

मग ती ओली दुपटी घरी आणायला लागली. संध्याकाळी पिशवी भरून. आल्याबरोबर शेगडी पेटवायची, वर आमची भाकरीची टोपली उपडी घालायची. माझ्या पुस्तकांच्या फळीपासून खिडकीच्या गजापर्यंत सुतळी. प्रत्येक दुपट्याच्या कोपऱ्यात निळ्या दोऱ्याचा एक टाका, तो प्रसूतिगृहाची खूण. मी त्यांच्या खाली बसून अभ्यास करायची. मानेवर थेंब पडायचे. सकाळी ती सगळं घडी घालून परत न्यायची आणि मशीनजवळ रचून ठेवायची, जणू त्यातूनच निघालं.

"कुणाला सांगू नकोस," ती म्हणाली. "श्रावण संपूस्तर."

"का म्हणून? मशीन बिघडलंय हे सांग ना त्यांना. तुझा काय दोष?"

"मशीन न्हाई बिघडलं. पयल्या दिशी वाळवलं की."

"मग बाईंना विचार कसं वाळवलं."

"इचारलं तर शिकलेली पोरगी आणत्यात. तू गप अभ्यास कर."

शिकलेली पोरगी तिथंच बसली होती, थेंबांखाली. इंग्रजी हा माझा विषय. त्या मशीनबरोबर एक पुस्तिका आली असणार, ती इंग्रजीत असणार, ती कुठे तरी पडलेली असणार, हे माझ्या डोक्यात आलं नाही. खरं सांगू? मशीनमध्ये मला रस नव्हता. मला विषय सापडला होता.

सप्तापुरात आमच्या कॉलेजच्या गटातल्या एकाची खोली होती. तिथं आम्ही चौघं जमायचो, तिथंच सायक्लोस्टाइलचं यंत्र. आम्ही जे जे चुकीचं दिसेल त्याच्यावर पत्रक काढत होतो. वसतिगृहातलं जेवण, वस्तीतला नळ, तारिहाळच्या कारखान्यांतले रोजावरचे कामगार. मी चांगली लिहायची, असं सगळे म्हणायचे. यंत्र आलं की बाईमाणसाची भाकरी जाते, असं मी लिहिलं. परदेशातली अडगळ आमच्या माथी, असं लिहिलं. आणि मग हे वाक्य लिहिलं: ज्यांच्या घरी पाळणे हलतात त्या साऱ्यांना विचारा, तुमच्या तान्ह्या बाळांची दुपटी आज आमच्या वस्तीत, आमच्या शेगडीवर वाळतात ती कुणाच्या फुकट श्रमावर?

"हे वाक्य ठेव," गटातला मोठा म्हणाला. "हेच लागेल."

लागलं.

नाव कुणाचंच घातलं नव्हतं. पण मळमड्डीत प्रसूतिगृहं किती आणि परदेशी मशीन असलेलं कोणतं? आम्ही ते स्टेशनच्या रस्त्यावर आणि रिक्षांच्या अड्ड्यावर वाटलं. दुसऱ्या दिवशी ते प्रसूतिगृहात पोचलेलं होतं. मला वाटलं होतं, लोक विचारतील फुकट श्रम का करवून घेता. हेच वाटलं होतं मला. त्या वाक्यात माझ्यासाठी महत्त्वाचे शब्द 'फुकट श्रम' होते. त्यांच्यासाठी महत्त्वाचे शब्द 'आमच्या वस्तीत' निघाले.

काय झालं ते अक्कानं येऊन सांगितलं. एका बाळंतिणीच्या सासूनं नातवाच्या अंगावरचं दुपटं काढलं, कोपऱ्यातला निळा टाका बघितला आणि चिमटीत धरून दाराबाहेर टाकलं. मग दुसरीनं. दुपारपर्यंत घराघरांतून जुनी लुगडी फाडून आली. वीस वर्षं आईनं त्या लोकांचं रक्त धुतलं, घाण धुतली, ते चाललं. धुतलेलं कापड आमच्या खोलीत वाळलं, ते चाललं नाही.

आई ऐकत होती. हातात पीठ होतं. तिनं भाकरी थापून तव्यावर टाकली, उलटली. "अक्का, भाकरी खाणार का?" म्हणाली.

अक्कानं खाल्ली. तिनं नेहमीच खाल्ली होती.

मला त्या वेळी काय वाटलं? मी पुष्कळदा आठवून बघितलंय. काही वाटलं नाही. पाय बराच वेळ दुमडून बसल्यावर बधिर होतो तसा जीव झाला होता. चिमटा काढला तरी दुसऱ्याच्याच पायाला काढल्यासारखा. मी आईला एवढंच म्हणाले, "ते मी लिहिलं."

"ठावं हाय," ती म्हणाली. "तुझ्या बोटाला शाई हाय चार दिवस."

तिसऱ्या दिवशी बाईंनी आम्हा दोघींना बोलावलं. मी आठवीनंतर पहिल्यांदा त्या मागच्या दारानं आत गेले. शेडमध्ये बाई उभ्या होत्या, अक्का होती आणि तारिहाळहून आलेला एक मिस्त्री मशीनच्या पाठीमागे उकिडवा बसला होता. एवढा बोभाटा झाल्यावर बाईंनी त्याला आणवलं होतं. एवढा बोभाटा होईपर्यंत आणवलं नव्हतं, हेही लिहून ठेवते.

मशीन पांढरं होतं आणि माझ्या कमरेइतकं होतं. मी त्याला पत्रकात राक्षस म्हटलं होतं.

बाई माझ्याकडे बघून म्हणाल्या, "लिहिणारी तू का? अगं, लहानपणी तू इथं दुपटी मोजायचीस. मला येऊन विचारायचंस तरी."

"तुम्ही आईला विचारायचं होतं," मी म्हणाले.

"गप," आई म्हणाली.

मिस्त्रीनं मागची झाकणं काढून बघितली, तारा बघितल्या, परत लावल्या. "बाई, सगळं ठीक आहे. पुस्तक असेल की ह्याचं?"

पुस्तिका बाईंच्या टेबलाच्या खणात होती, आलेल्याच प्लॅस्टिकच्या पिशवीत; अक्कानं ती आणून दिली. बाईंनी धुण्याची पानं तेवढी वाचली होती. भावानं बाकीचं पत्रात लिहिलंच होतं ना. मिस्त्रीनं ती उघडली, अक्षरं बघितली आणि माझ्यापुढे धरली. "ओद, तंगी." वाच, बहिणी.

मी वाचलं. आधी मनात, मग मोठ्यानं, मग मराठीत. वाळवण चालू असेपर्यंत थंड पाण्याचा नळ उघडा ठेवावा. बंद ठेवल्यास कपडे वाळणार नाहीत.

सगळ्यांच्या नजरा नळाकडे गेल्या. नळाच्या वर लाल पाटी होती. मिस्त्रीनं पाटी वाचली, आईकडे बघितलं आणि हळूच म्हणाला, "नीर बंद इट्र ह्यांग ओणगतैती?"

अक्कानं ते परत मराठीत म्हटलं, बहुधा स्वतःलाच पटावं म्हणून. "पाणी बंद ठेवलं तर वाळंल कसं, म्हणतोय. वाळवायला पाणी? ह्याचं डोकं फिरलंय."

मिस्त्री समजावायला लागला. आत कपड्यांची वाफ होते, तिला बाहेर जायला वाट नाही. थंड पाणी एका नळीवरून वाहत राहतं, वाफ तिथं गार होते, तिचं परत पाणी होऊन गटारात जातं. पाणी नसेल तर वाफ आतल्या आतच फिरते, परत कपड्यांवरच बसते.

"म्हंजे गावठी दारू काढत्यात तसं," आई म्हणाली. "वरच्या भांड्यात गार पाणी बदलत ऱ्हावं लागतं."

"बरोब्बर," मिस्त्री म्हणाला.

"तुला बरं ठावं गं," अक्का म्हणाली, आणि मिस्त्री हसला, आणि आईसुद्धा हसली. मी तिच्याकडे बघत होते. दोन महिने. एकदा कुणी तिला असं सांगितलं असतं तर तिला समजायला चहा गार होण्याइतकाही वेळ लागला नसता.

तिनंच मग ओली दुपटी आत घातली, दोन ठिपक्यांवर कळ नेली आणि हात पाटीच्या खालच्या नळाकडे नेला. उघडायच्या आधी तिनं बाईंकडे बघितलं. बाईंनी मान हलवली. नळ उघडला.

आम्ही तिथंच थांबलो. बसायला सांगितलं नव्हतं, जायलाही नाही. मशीनच्या मागच्या नळीतून गटारात पाण्याची बारीक धार पडत होती. दहा मिनिटं, वीस मिनिटं. बाई त्या धारेकडे बघत होत्या. सगळेच धारेकडे बघत होतो. बाहेर जिटीजिटी चालूच होतं.

दोन तासांनी दार उघडलं. दुपटी वाळली होती. आईनं एक गालाला लावून बघितलं, घडी केली, दुसरं घेतलं.

"एवढं पाणी," बाई म्हणाल्या. "छे. पाच दिवसांची टाकी दोन दिवसांत संपेल." त्यांनी मिस्त्रीला सांगितलं की फक्त धुण्यापुरतं ठेवू. मग अक्काला सांगितलं की टोपली माळ्यावरून काढ.

एवढ्यावर सगळं मिटलं, असं मला वाटलं. चूक सापडली होती आणि ती कुणा एकीची नव्हती. आता बाई म्हणतील, उद्यापासून ये.

बाईंनी आईला बाजूला घेतलं. लांब नाही, मला ऐकू येत होतं. "हे बघ, मला स्वतःला काही नाही. तू मला ठाऊक आहेस. पण पेशंट ऐकत नाहीत. थोडे दिवस जाऊ देत. पाऊस संपला की बघू."

"बरं, बाई."

"तुला वाईट वाटायला नको."

"न्हाई, बाई."

मी काय बोलणार होते? माझ्याकडे वाक्यं पुष्कळ होती. ती वाक्यं खरी होती, आजही खरी आहेत. पेशंट ऐकत नाहीत म्हणजे काय, कोण ऐकत नाही, तुम्ही का ऐकता. माझ्या हातात ती पुस्तिका होती. ती मी मशीनवर ठेवली आणि आईच्या मागून बाहेर आले.

पाऊस संपला. दसरा झाला. बाईंचं बोलावणं आलं नाही आणि आई विचारायला गेली नाही. सप्तापुरात भाड्यानं राहणाऱ्या विद्यार्थ्यांची धुणी तिनं धरली, दगडावरची. कायम हा शब्द आमच्या घरात परत कुणी काढला नाही. अक्का अधूनमधून यायची. ती म्हणाली, मशीन आता धुवायलाही लावत नाहीत, वर चादर घालून त्याच्यावर औषधांची खोकी ठेवतात. त्यावर मी पत्रक काढलं नाही.

पत्रकं मी नंतरही लिहिली. अजून लिहिते. आता जिथलं लिहायचं तिथं आधी जाऊन येते, आणि कुणाचं घर त्यात येत असेल तर त्याला वाचून दाखवते. याला कुणी शहाणपण म्हणू नये. सवय आहे, नळ बंद करण्यासारखी.

आईला ते पत्रक मी कधी वाचून दाखवलं नव्हतं. गेल्या पावसात तिनं स्वतःच काढलं. माझ्या वह्यांच्या ढिगात एक प्रत होती, पिवळी पडलेली. "वाच," म्हणाली. मी पूर्ण वाचलं, ते वाक्यसुद्धा. ती भिंतीला टेकून ऐकत होती. वर सुतळीवर आमचे दोघींचेच कपडे होते.

"नळाचं न्हाई त्यात," ती म्हणाली.

"तेव्हा ठाऊक नव्हतं."

"मग नंतर लिहायचं हुतंस." तिनं कागद माझ्या हातातून घेऊन त्याची घडी केली. "लोकान्ला वाटलं, हिला मशीन जमलं न्हाई. अजून वाटतंय. जमलं हुतं मला. नळ तेवढा सांगितलाच न्हाई कुणी."

म्हणून हे लिहिलं. तिला वाचून दाखवलंय. गावठीचं वाक्य काढ म्हणाली, मग म्हणाली, ऱ्हाऊ दे.